हिंग लावलेली माशी

चाकूरच्या पुढे आमच्या गावचा तलाव आहे. भोईणमावशी त्यात जाळं टाकायची, मासे अहमदपूरच्या बाजारात विकायची आणि घर चालवायची. लातुरात क्लासचं दुकान मांडून गबर झालेल्या आमच्या गावच्या सरांना एवढंही बघवलं नाही. पोराला डॉक्टर करायला सरांच्या ताब्यात दिलेल्या पालकांनी रविवारी इथं येऊन ऐटीत गळ टाकावा, अशी त्यांची योजना. त्यासाठी जाळं बंद!

सरांकडे गळाची एक परदेशी काठी होती. भूकंपानंतर घरं बांधायला आलेला एक गोरा इंजिनिअर ती देऊन गेला. सर तेव्हा सायकलवरून शिकवण्या करायचे आणि त्याचं बोलणं गावाला समजावून सांगायचे. त्याच्या मुलुखात चंदेरी सामन नावाचा मासा असतो, म्हणे. गळाला पिसांची खोटी माशी बांधून तो पकडतात. आमिष लावणं गावंढळपणाचं, हे सर आम्हाला ऊठसूट ऐकवायचे.

सरपंच म्हणाले, "ह्या माशीवर मासा पकडून दाखवा, मग जाळंबंदीचा ठराव लिहू."

मावशीच्या बाजूने मी पत्रकं छापली : 'तलाव कुणाच्या बापाचा?' मावशीने एक वाचलं. "लई झ्याक लिव्हलास रे. कागद बी जाड हाय," म्हणाली आणि उरलेल्यांत मासे गुंडाळले.

ठरल्या दिवशी सर गुडघाभर बूट घालून पाण्यात उतरले. काठी मागे-पुढे, दोरी हवेत. पहिल्यांदा बाभळ गळाला लागली, मग सरपंचांचा पटका. तासाभराने सरांनी आमच्याकडे पाठ केली, खिसा चाचपला आणि काठी न फिरवता गळ गुपचूप काठालगत सोडला. लागला की रोहू! टाळ्या. सरपंचांनी रजिस्टर उघडलं. मी घोषणा सुरू केल्या. दुसरं काय येत होतं मला?

मावशीने मासा उचलला, जबडा फाकवला, हुंगला.

"सर, ह्या पिसाला कणीक कशी काय लागली? आन् हिंग? तुमच्या सामनला फोडणी लागती व्हय?"

"इथल्या माशांसाठी थोडा बदल करावा लागतो," सर पुटपुटले.

"मग आमी काय येगळं करायलाव?"

सगळा काठ हसला. वर्षभर पोरांना स्वतःच्या अकलेवर पेपर सोडवा म्हणून दरडावणारा माणूस खिशात कॉपी घेऊन आला होता! सरपंचांनी रजिस्टर मिटलं आणि पटक्याचं भोक चाचपत निघून गेले.

मावशीने तिथंच जाळं खांद्यावर घेतलं. मला चेव चढला; आणखी मोठ्याने ओरडू लागलो.

"गप की रं," ती पाण्यातून खेकसली, "मासं पळायलेत."