काल : आले नाहीत

मंत्र्याची वाट बघताना दौरेभाऊ कानाला हेडफोन लावून रॉक ऐकायचे. डोक्याला रुमाल बांधलेला, पन्नाशी उलटलेला माणूस गडचिरोलीच्या विश्रामगृहाच्या पायरीवर डोळे मिटून बसलाय आणि कानात सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा बँडचा धिंगाणा चाललाय, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं बिचाऱ्याला. तसं बोलूनही दाखवलं. ते चिडले नाहीत, पण ‘धिंगाणा’ या शब्दावर मात्र चिडले. हे ‘प्रोग्रेसिव्ह’ असतं म्हणाले, एकेक गाणं वीस-पंचवीस मिनिटांचं. आपलं झाडीपट्टीचं नाटक कसं, एकदा बसलं की उजाडल्याशिवाय उठायचं नाही, तसं हे. मधेच उठणाऱ्याचं कामच नाही.

हा शौक त्यांना पोलीस कॅम्पातल्या एका वायरलेस ऑपरेटरनं लावला. दौरेभाऊंचं तेव्हा चामोर्शीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो ऑपरेटर ईशान्येकडचा, त्याचा टेप भाऊंनी तीनदा दुरुस्त करून दिला. बदली झाली तेव्हा तो जाताना कॅसेटींची पिशवीच यांच्या हातात देऊन गेला. इंग्रजी गाण्यातलं यांना ओ की ठो कळत नसे. पण ढोल कितव्या ठोक्याला चुकीचा वाटतो आणि तो मुद्दाम तसाच कसा ठेवलाय, हे ते मला टेबलावर बोटं आपटून दाखवायचे. मला आजही ते कळत नाही, खोटं कशाला बोलू?

पुढे रेडिओ कोणी दुरुस्त करेना, तसे ते आमच्या कचेरीत आले. आमचं जिल्ह्याचं दैनिक. मी पान लावायची, म्हणजे बातम्या निवडून, कापून पानात बसवायची. त्यांच्याकडे ‘आजचे दौरे’ हा रकाना आला, म्हणून त्यांचं नाव दौरेभाऊ. खरं आडनाव मला पगाराच्या कागदावर दिसलं तेवढंच. मंत्र्यांचा दौरा कार्यक्रम सरकारी कचेरीतून यायचा, तो जसाच्या तसा उतरवायचा, एवढंच काम. ‘सकाळी १०.१५ वाजता शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव. १०.४० वाजता मोटारीने चामोर्शीकडे प्रयाण.’ मिनिटांसकट! जणू काही आगगाडीच.

महिनाभर त्यांनी मुकाट्यानं उतरवलं. मग एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “बाई, हे तं सगळं होणार-होणार झालं. झालं काय, ते कोन लिहीन?” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रकान्याच्या खाली एक ओळ जोडली. ‘काल’ असं लिहायचं आणि पुढे जे घडलं ते. ‘काल : पन्नास मिनिटे उशिरा आले.’ ‘काल : वेळेवर आले.’ ‘काल : आले नाहीत. सूचना नाही.’ बस. ना टीका, ना टोमणा. नागपूरहून आमचे संपादक फोनवर हसले, म्हणाले, राहू द्या, जागा भरते.

ती ओळ मिळवायला हा माणूस किती खटपट करायचा! विश्रामगृहाचा खानसामा, अहेरीच्या बसस्टँडवरचा चहावाला, गावोगावच्या अंगणवाडीच्या बाया, सगळ्यांना फोन. जिथे टॉवर नाही तिथे स्वतः एसटीनं जायचे आणि झाडाखाली हेडफोन लावून बसायचे. मी एकदा म्हटलं, अहो, एवढ्याशा ओळीसाठी दिवस घालवता? तर म्हणाले, “येतो म्हनणं फुकट असते बाई. थांबणं फुकट नसते.” आणि खरंच, हळूहळू लोक आमचा पेपर खालून वर वाचायला लागले. शाळेतून मास्तर फोन करायचे की भाऊ, उद्या साहेब येणार म्हणतात, पोरं केव्हा उभी करू? भाऊ विचार करून सांगायचे की दीड तास उशिरा करा. बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

एकदा त्यांचीही चूक झाली. त्यांनी ‘आले नाहीत’ छापलं आणि मंत्री तर एटापल्लीकडच्या रस्त्यानं येऊन, कार्यक्रम उरकून गेले होते. आम्ही म्हटलं, कोण बघतंय, जाऊ द्या. छे! दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच जागी, ठळक अक्षरात लिहिलं की काल दिलेली ओळ चुकीची होती, साहेब आले होते, चूक माझी. वर साहेबांच्या पीएला पत्रही लिहिलं. पीएला बिचाऱ्याला वाटलं की यात काहीतरी डाव आहे. मी हसून हसून दमले, पण त्यानंतर त्यांच्या ओळीकडे मी कधी साधी मात्रा तपासायलाही गेले नाही.

आता ज्यावरून सगळं बिनसलं ते सांगते. नदीपल्याड एक गाव आहे. नाव घेत नाही, त्यांना आणखी ताप नको. तिथल्या पुलाचं भूमिपूजन ठरलं. मे महिना, तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीचं पान तोडायचे दिवस. हंगाम तो काय पंधरा दिवसांचा, माणसं पहाटेच जंगलात जातात. त्या दिवशी मात्र वरून निरोप होता की गाव पूर्ण हजर पाहिजे. एकही बाई पत्ता तोडायला गेली नाही. सकाळी अकराची वेळ दिलेली. दौरेभाऊ नऊलाच जाऊन मोहाखाली बसले. त्याच शुक्रवारी त्यांच्या त्या बँडचा नवा अल्बम येणार होता, कितीतरी वर्षांनी. चामोर्शीच्या बसस्टँडवर नेट चांगलं म्हणून तिथेच त्यांनी तो फोनमध्ये उतरवून घेतला होता.

साहेब आले नाहीत. पाच वाजले तरी नाहीत. मंडपवाल्यानं कनाती सोडल्या तेव्हा लोक उठले. आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे फोटोसकट बातमी आली की भूमिपूजन उत्साहात संपन्न, विश्रामगृहातून, ऑनलाइन. भाऊंनी त्यांची ओळ लिहिली, ‘काल : आले नाहीत. गाव सहा तास थांबले होते.’ मी ती पानात लावली. रात्री पान पाहून नागपूरहून फोन आला. ती ओळ काढा, आणि आजच नाही, यापुढे कायमची. दौरे छापायचे, ‘काल’ नाही.

हे त्यांना मी सांगायचं होतं. मी सांगितलं. पानातून ओळ मीच काढली, माझ्या हातानं, आणि वर त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टीही ऐकवल्या की भाऊ, नोकरी आहे, जुळवून घ्यावं लागतं. आज आठवलं की माझीच मला चीड येते. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “बरं. रविवारच्या पानात जागा हाये नं? मी अल्बमाचं लिहितो.” मला हायसं वाटलं. अल्बम तर अल्बम, कोण वाचतंय.

त्यांनी जे लिहून आणलं ते मी जपून ठेवलंय. त्यातलं थोडं असं :

‘या बँडने शुक्रवारी नवा अल्बम येईल असे कळवले होते. शुक्रवारी आला. असे आपल्याकडे फार घडत नाही, म्हणून नोंद करीत आहे. पहिले गाणे तेवीस मिनिटांचे आहे. मी ते नदीकाठी मोहाखाली बसून ऐकले. त्या दिवशी तेथे दुसरे काही घडत नव्हते. सकाळी नऊ ते पाचपर्यंत संपूर्ण अल्बम सात वेळा ऐकून झाला. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, त्यांनाही हेडफोन दिला. गाण्याच्या सुरुवातीला आठ मिनिटे नुसती वाद्ये आहेत. बाईंनी ती पूर्ण ऐकली आणि विचारले, बाजा तं चांगला वाजून राह्यला, नवरदेव केव्हा येईन? मी म्हटले, गाण्यातला येईल. आठव्या मिनिटाला आला. दुसऱ्याबद्दल मला लिहायची मनाई आहे.’

मी ते तीनदा वाचलं. कळत होतं सगळं, मी काही दूधखुळी नव्हते. कापायला हात उचलला, आणि मग वाटलं, एक ओळ कापून आपलं काय भलं झालं? लावलं पान. रविवारी सकाळी आठपासून फोन सुरू झाले. ज्यांनी जन्मात रॉक ऐकलं नाही अशी माणसं विचारत होती की भाऊ, तो अल्बम कुठी मिळते? अहेरीच्या चहावाल्यानं कात्रण काचेवर चिकटवलं. सोमवारी नागपूरलाही कळलं. मला नोटीस मिळाली, आणि दौरेभाऊंना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. मी रडायच्या बेतात. त्यांच्यासाठी भांडले का नाही, नोटीस नागपूरवाल्यांच्या तोंडावर का फेकली नाही, हे सगळं मनात. त्यांना ते दिसलं असावं. म्हणाले, “तुमी नोकरी करा बाई. पान तुमच्या हातात हाये, ते सोडू नका. माझं काय, मले लिहाले जागा पाहिजे, पेपरच पाहिजे असं थोडी हाये?” असं म्हणून ते आपली पिशवी घेऊन एसटीनं चामोर्शीला गेले.

जागा त्यांनी शोधली. जुनं दुकान उघडलं, आता मोबाइल दुरुस्तीचं, आणि दाराशी शाळेतला एक टाकून दिलेला फळा टांगला. वर आजचे दौरे, खाली ‘काल’. बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस वाचून पुढे जायचा. एकदा तो फळा कोणीतरी रातोरात उचलून नेला, तर यांनी सरळ दुकानाच्या भिंतीला काळा रंग लावला. भिंत कोण उचलणार? मी इकडे तीन वर्षं मुकाट्यानं नुसते दौरे छापत होते, ओळीशिवाय. चामोर्शीला गेले की त्या भिंतीकडे मान वर करून बघायची मला लाज वाटायची. ते चहा पाजायचे आणि कुठलं तरी गाणं ऐकवायचे. त्या विषयावर त्यांनी मला कधी एका शब्दानंही छेडलं नाही.

गेल्या पावसाळ्यात, आखाडात, ते गेले. झोपेतच. दहा दिवसांनी माझ्या टेबलावर नेहमीसारखा दौरा कार्यक्रम आला. ‘दुपारी १.४० वाजता चामोर्शी येथे ज्येष्ठ पत्रकारांच्या निवासस्थानी सांत्वनपर भेट.’ ज्येष्ठ पत्रकार! तेच मंत्री, पुलाचे. निवडणूक जवळ आली होती, आणि भाऊंची भिंत सगळ्या तालुक्याला पाठ होती.

मी सुट्टी टाकून गेले. तहसील कचेरीनं पांढऱ्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या, पोलीस गल्लीच्या तोंडाशी. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, स्वच्छ लुगडं नेसून बसल्या होत्या. रोवण्याचे दिवस, त्यांच्या गटातल्या बाया बांधीत चिखलात उतरून त्यांची वाट बघत होत्या, धानाची लावणी एका बाईसाठी थांबत नाही. एक चाळीस झाले. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. एक पंचावन्नला त्या उठल्या, लुगडं वर खोचलं, दाराला कुलूप घातलं. तहसीलदार धावत आले, की बाई, साहेब निघालेत, वाटेत आहेत, थोडं थांबा. वहिनी त्यांना म्हणाल्या, “पंधरा मिन्टं थांबली मी साहेब. आमच्या मानसानं लोकायले उगाच थांबू नका सांगून सांगून जलम घातला, आन मीच थांबत राहू?” किल्ली कमरेला खोचली आणि बांधीकडे चालू लागल्या. मला म्हणाल्या, बाई, तुमी बसा, तुमचं काम हाये. मी बसले.

साहेब आले. गाड्यांची रांग चिखलातून आली, हार आले, फोटोवाला आला. साहेबांनी कुलूप पाहिलं, पीएकडे पाहिलं, पीएनं तहसीलदारांकडे, आणि तहसीलदारांना पाहायला कोणी उरलं नाही. कुलपासमोर फोटो कोण काढणार? दोन मिनिटांत गाड्या वळल्या. मी घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं कचेरीत परत आले.

दौऱ्यांचा रकाना लावला. नागपूरचा हुकूम जागच्या जागी होता, तो काही कोणी मागे घेतला नव्हता. पुन्हा नोटीस आली तर काय उत्तर द्यायचं ते मी बसमध्येच ठरवलं होतं, की पान माझ्या हातात आहे. रकान्याच्या खाली जागा केली आणि लिहिलं :

काल : ४.२५ वाजता आले. घरी कोणी थांबले नव्हते.