धरमकाट्यावरचा इंटरव्ह्यू

मामांची आयडिया मी माझी म्हणून सांगितली, तेव्हा मामा माझ्यापासून दोन हातांवर बसले होते.

माझे मामा वणीला धरमकाट्यावर ऑपरेटर होते. कोळशाचा ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन करायचं, पावती द्यायची. कितीतरी वर्षं तेच.

मी अशाच काट्यांच्या सॉफ्टवेअरचं डिझाईन करायचे.

माझी पहिली स्क्रीन पाहून ते म्हणाले होते, "पूर्ण नंबर कोन वाचते बाई? आमी गाडीले शेवटच्या चार आकड्यानं ओळखतो. तेवढेच मोठे कर."

केले. एका गाडीची पावती दुसऱ्या गाडीला जाणं जवळपास थांबलं.

मागच्या वर्षी एका मोठ्या टेक कंपनीत सीनियर डिझायनरच्या पोस्टसाठी माझा शेवटचा राउंड होता. व्हिडिओवर. मी आईकडे वणीला आले होते आणि ऐन वेळी लाइट गेली.

लॅपटॉप घेऊन मामांची केबिन गाठली. तिथे इन्व्हर्टर होता.

स्क्रीनवर तिघं जण. बाहेर ट्रकची रांग. मामा खिडकीतून ड्रायव्हरांना खुणावत होते, हॉर्न नको.

पॅनेलमधल्या मॅडमना ते मोठे चार आकडे आवडले. "हूज आयडिया वॉज धिस?"

"माय आयडिया."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. उठले. बाहेर जाऊन दार हळूच ओढून घेतलं.

पुढच्या दोन प्रश्नांना मी काय उत्तरं दिली, आठवत नाही.

बाहेरून मामांचा आवाज येत होता. "पाच मिनिटं थांब ना बाप्पा. भाचीचा इंटरव्ह्यू सुरू हाये."

मी मॅडमना मध्येच थांबवलं.

"मघाशी मी खोटं बोलले. ती आयडिया माझ्या मामांची आहे. ते इथे ऑपरेटर आहेत."

एकानं माइक म्यूट केला.

मला वाटलं, संपलं.

दहा दिवसांनी मेल आला. नोकरी दिली होती, पण सीनियरची नाही. एक पायरी खालची.

मग मामांना सगळं खरं सांगितलं. ते पावत्यांचा रोल बदलत होते.

"मले तवाच समजलं होतं."

"कसं?"

"माय आयडिया. येवढं इंग्रजी येते मले."

"मग काही बोलले काहून नाही?"

"नोकरी तुले पायजे होती. मी त्या आयडियाचं काय करतो?"

आणि चहा सांगितला. विषय संपला. त्यांच्यासाठी.

काल दुपारी ड्युटीवरच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत मामा गेले.

मामा, त्या दिवशी चहा घेतला, पण माफी मागितली नाही.

आज मागते.

अखेरचा जय भीम.