बिनमिठाचा स्टू

इथे आखातात राहणाऱ्या वसईकरांनो, मला विसरलात ना? साहजिक आहे, नाताळात नेलेला माझा टोप परत द्यायलाही विसरलात. मी सांगतेय, नात ग्लोरिया टाइप करतेय.

आमच्या म्हाताऱ्याचं जेवण सुटलंय. अल ऐनच्या डॉक्टरांनी लेकाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मला कुणी बोललं नाही, पण अक्षरं वाचता येत नसली तरी लेकाचं तोंड वाचता येतं.

आज बीफचा स्टू केला. गाजर, बटाटा, कोबी घालून दुपारभर मंद आचेवर शिजवला. मीठ मुद्दाम घातलं नाही. लग्नापासून हा माणूस माझ्या मिठाला नावं ठेवत आलाय. म्हटलं, निदान भांडायला तरी उठून बसेल.

ग्लोरियाने चाखला. "आजी, नो सॉल्ट."

"गप्प बस," म्हटलं.

त्याने दोन चमचे खाल्ले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छान झालाय."

उरलेल्या स्टूत मीठ घालून पोरांना वाढला. मला काही गेला नाही. तुमच्या घरात कुणी असं भांडण सोडून दिलंय का?

सुट्टी संपवून वसईहून कोणी येत असेल तर आपला तिकडचा बॉटल मसाला पाठवा. सुके बोंबील पाठवू नका, ते त्यालाच लागायचे.