आधी काठी, मग पाऊल

तिचं पाऊल पडायच्या आधी तिची काठी पडायची. ठक, आणि मग पाऊल. गवतात, भातखाचराच्या बांधावर, एवढंच काय, माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवरसुद्धा.

"अहो, इथे कुठला आलाय साप?" मी म्हणायचे.

"आदी बगावं, मंग जावं, बाई," असं म्हणून ती चहाला टेकायची.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, 'ॲडव्हेंचरस'च्या उलट मराठीत काय म्हणतात? मी शब्दकोश काढून बसले. भित्रा, बुजरा, घरकोंबडा. सगळे टोमणा मारणारे. सावध, जपून वागणारा, हे जरा बरे, पण कोमट. म्हणून शब्दाऐवजी माणूसच पाठवते आहे. आमच्या घरामागून शेळ्या घेऊन जाणारी ती तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तिला 'ब्रेक आजी' म्हणायचात.

इथे आमच्या माले गावात शेळ्यांमागून चालायची रीत आहे. ही पुढे चालायची, काठी आपटत, आणि शेळ्या तिच्या मागे. गावातले हसायचे, "शेळ्या हिला राखत्यात का ही शेळ्यांना?" ती म्हणायची, "हसा. माजी एक तरी शेळी लंगडती का बगा."

तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा ओढ्याच्या शेवाळलेल्या दगडांवरून पलीकडे, धरणाच्या पाण्याकडे निघाला होतात. तिने काठी आडवी टाकली आणि वाटेतच बसली.

"आम्हाला पोहता येतं!" तुम्ही ओरडलात.

"तुमाला येतं. पर त्या दगडाला कुटं म्हाईत हाय?"

तुम्ही दोघं जेवेपर्यंत फुगून बसला होतात.

तर तिचा मुलगा भरे गावाजवळच्या एका कंपनीत कामाला. सूनही तिथेच. त्यांना बाळ झालं. सुनेची रजा संपत आली, बाळाला बघायला घरात कोणी नाही. मुलगा दोनदा येऊन गेला. "आई, तू आली न्हाईस तर हिला काम सोडावं लागंल." पण ही पौडच्या बाजारापलीकडे कधी गेलेली नव्हती. शेळ्या सांभाळायला दीर तयार होता. तरी तिचा पाय निघेना.

"तितली जमीन माज्या वळखीची न्हाई, बाई," ती मला म्हणाली. मग बराच वेळ बशीतला चहा निववत बसली. "तुमी चला संगं. बगून यिऊ."

आम्ही जीपने गेलो. पुढची दांडी तिने पौड येईपर्यंत सोडली नाही आणि पौडनंतर तर दोन्ही हातांनी धरली. दर वळणाला म्हणायची, "हळू रं बाबा, भरे कुटं पळतंय व्हय?" शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुमीच चालवा."

खोली वरच्या मजल्यावर होती. तिने जिन्याची पायरी न् पायरी ठोकली. बाळाकडे नुसतं बघितलं, घेतलं नाही. आधी गॅलरीत गेली. कठड्याच्या गजांमधल्या फटीत काठी घालून फिरवली.

"ह्यातनं करडू जाईल."

"आई, भाड्याची खोली हाय. मालक काय म्हनंल?"

"खोली भाड्याची हाय. पोरगं बी भाड्यानं आनलंस व्हय?"

सुनेने पदर तोंडाला लावला. हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. आणि सासू पिशवी उचलून खाली उतरायला लागली. "फट बुजव. मंग यिन."

आम्ही परतीची जीप धरली. मला वाटलं, संपलं.

रविवारी मुलगा मोटारसायकलवरून न्यायला आला. सगळ्या कठड्याला त्याने बांबूच्या कामट्या आणि जाळी बांधली होती. तिने मलाही ओढलं, आम्ही पुन्हा जीपने गेलो, तो आमच्या पुढे. दोन्ही हातांनी जाळी गदागदा हलवून तिने बघितली. मग आत येऊन पिशवी खुंटीला अडकवली, काठी दारामागे उभी केली आणि पहिल्यांदा बाळाला उचललं.

"तुमी या आता," ती मला म्हणाली. मी एकटीच परत आले.

आता घरामागच्या वाटेने तिचा दीर शेळ्या नेतो, मागून, सगळ्यांसारखा. दुपारी चहा मी अजून चुकून दोघींचा टाकते.

गेल्या महिन्यात भऱ्याला जाऊन आले. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, ठक. मी वाकून पाहिलं. बाळ आता चालतं. त्याच्या हातात उलथनं होतं. ते फरशीवर आपटायचं, थांबायचं, आणि मग एक पाऊल टाकायचं. त्याच्यासमोर ती, दोन्ही हात पसरलेली, "ये, ये माज्या राजा" म्हणत मागे मागे सरकत होती. काठी दारामागेच होती, आणि आपण कशावर पाय ठेवतो आहोत हे ती बघतसुद्धा नव्हती.