आक्काबाईच्या ओव्यांची दुसरी प्रत

पाथर्डी मागं पडून तासभर झाला होता. नवरात्रातली पाचवी माळ, आणि आम्ही दोघी मोहट्याच्या देवीला अनवाणी निघालेलो. जयमालाताईनं ओटीची पिशवी खांद्याला न लावता छातीशीच धरली होती.

"नारळ पळून जातोय का?" मी म्हटलं.

"नारळाचं न्हाई गं आरती. त्याच्या शेजारी हार्डडिस्क हाय."

खणात गुंडाळलेली, साबणाच्या वडीएवढी. "देवी म्हणेल, हा कुठल्या झाडाचा नारळ?" मी म्हटलं. ती हसली, पण पिशवीवरचा हात काही सुटला नाही.

बेलापुरात माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून तिचं टायपिंगचं दुकान आहे. माहेर इकडचं, पाथर्डीकडचं. तिची आई आक्काबाई दर वर्षी ऊसतोडीला जायची. म्हातारपणी लेकीकडे आली, तेव्हा दुपारी दुकानात बसून ओव्या सांगायची आणि गिऱ्हाईक नसलं की ताई टाइप करायची. सहा वर्षांत चारशेच्या वर झाल्या. एक मला पाठ आहे :

ऊस तोडता तोडता, हात पाचटानं चिरला
बाळ कोपीत निजलं, जीव तिथंच उरला

"कोपीतलं, पाचटाच्या झोपडीतलं त्ये बाळ म्हंजी मी," ताई सांगते.

शेवटची ओवी अर्धीच आहे. 'घरी निघाली गं गाडी, माझ्या...' एवढं सांगून आक्काबाई म्हणाली, "ऱ्हायलेली उद्या." दुसऱ्या दिवशी तिला बोलता येईना. आठवड्यात ती गेली.

त्याला तीन वर्षं झाली. दुकानातला कॉम्प्युटर त्याहून कितीतरी जुना. सरकारी फॉर्म त्यावर उघडेनात, लोक परत जाऊ लागले. दुरुस्तीला येणारा कल्याण दर वेळी म्हणायचा, "मावशी, नवी विंडोज टाकू. पण आतलं सगळं पुसावं लागेल." 'पुसावं' ऐकलं की ताई त्याला चहा पाजून वाटेला लावायची. छापून ठेवलेले कागद वाळवीनं खाल्ले होते. ओव्या उरल्या त्या एका डब्यातच.

श्रावणात ती एकदाची तयार झाली. कल्याणनं सगळ्या फाइली हार्डडिस्कवर घेतल्या आणि पुसायला बसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. आदी दुसरीकडं उघडून दाव."

माझ्या लेकीचा, निकिताचा लॅपटॉप आणला. फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टोप्या, टिंबं, नुसता पालापाचोळा. ओळी तेवढ्याच लांबीच्या, पण शब्द एकही लागेना. ताईनं पडद्यावर बोट ठेवलं.

"माझी आई असं कवा बोलली गं?"

मी मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं.

कल्याणनं कपाळाला हात लावला. "फाइल चांगली हाय, मावशी. तुमचा मराठी फॉन्ट जुन्या काळचा, तो घ्यायचा राहिला. चूक माझीच. आत्ता पुसलं असतं, तर तो परत कुठं मिळाला असता, देव जाणे."

त्यानं फॉन्ट घेतला, लॅपटॉपवर टाकला. अक्षरं जागेवर आली. ताई पहिल्या ओवीपासून वाचत गेली. मग फॉन्ट नसला तरी वाचता येतील अशा पीडीएफ त्यानं करून दिल्या, आणि आणखी एका हार्डडिस्कवर सगळ्याची दुसरी प्रत. त्यानंतरच जुन्याला हात लावला. आता फॉर्म झटकन उघडतात. ताई मात्र कधीमधी ती अर्धी ओवी उघडून बसते. कर्सर लुकलुकत राहतो, म्हातारी दम खायला थांबल्यासारखा.

चढाला लागलो तसा देवळाचा कळस दिसला. ताई दगडावर टेकली.

"सकाळधरनं तीन म्हाताऱ्यांना इचारलं, ही ओवी म्होरं कशी हाय. कुनालाच येईना."

"मग तूच पुरी कर की."

"येती गं मला जुळवाया. पर ती माझी हुईल, आईची न्हाई."

तिनं खणातली हार्डडिस्क, ती दुसरी प्रत, काढून माझ्या हातात दिली.

"देवीम्होरं ठिवू, मग तुझ्या घरी ने. एका घराला वाळवी लागली तर दुसरं हाय. पर नुसती कपाटात टाकू नगं. दर नवरात्रात लॅपटॉपला लाव, उघडती का बघ, अन् शेवटची ओवी मोठ्यानं वाच. आई जितं थांबली, तितंच थांब."