वन्संची मेथी

आमच्या वन्संइतकं कमी शिकून इतकी माणसं ताळ्यावर आणलेला दुसरा प्राणी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही, आणि हे वाक्य मी अजिबात आनंदाने लिहीत नाही. मी पुण्याची मानसशास्त्रातली एम. ए., वर समुपदेशनाची पदविका, दोन्ही प्रमाणपत्रं काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगलेली. वन्सं चौथी पास, आणि तेही, त्यांच्याच सांगण्यानुसार, गुरुजींच्या घरी रोज कोथिंबीर पोचती व्हायची म्हणून. तरी गावाकडून नव्याने शहरात आलेली, खोलीत एकेकटी पडून सुकत चाललेली जी तरुण पोरं-पोरी माझ्या वाट्याला यायची होती, ती सगळी एकामागून एक वन्संच्या मांडीशी जाऊन बसली. माझ्यासमोर त्यांना घाम फुटायचा आणि वन्संसमोर कंठ. पोटात दुखणं म्हणजे काय ते मी पुस्तकात शिकले नव्हते. ते मला वन्संनी शिकवलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बाकी सगळं जग त्यांना आक्का म्हणतं, मी मात्र माहेरच्या वळणाने वन्सं म्हणत राहिले. लहान वयात नवरा गेला तेव्हा त्या मखमलाबादला माहेरी परतल्या आणि मळ्याचा एक तुकडा स्वतः कसायला लागल्या. मेथी, कोथिंबीर, गवार, बांधाला झेंडू. नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी नुकतीच एक जुनी लूना घेतली होती. नऊवारीचा काष्टा, डोक्याला मफलर, हँडलच्या दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या, अशा थाटात त्या मखमलाबादहून नाशिक रोडला आमच्या कॉलनीत यायच्या आणि नोटांच्या प्रेसमध्ये कामाला असलेल्या माझ्या नवऱ्यासकट सगळी पुरुषमंडळी रस्ता मोकळा करून द्यायची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्या आल्या, मुळांसकट, मातीसकट मेथीच्या चार जुड्या स्वयंपाकघरात जमिनीवर ओतल्या, आणि पाय पसरून बसल्या. मी म्हटलं, ‘‘राहू द्या वन्सं, मी नंतर बघते,’’ आणि उठून चहा ठेवला. चांगल्या कपबश्या काढल्या, सोबत बिस्किटं ठेवली. त्या चहा पिऊन निघून गेल्या. नणंदेचं आपण उत्तम आगतस्वागत केलं असं मला वाटलं.

त्यांच्या सवयींची यादी करायची तर एक वही पुरणार नाही. त्या खुर्चीत कधी बसत नाहीत. ‘‘खुर्चीत बसलं की माणूस पाव्हणा होतं,’’ हे त्यांचं मत, त्यामुळे लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा त्या खुर्च्यांच्या रांगेशेजारी जमिनीवर बैठक मारतात आणि वाढपी त्यांना अडखळतात. दाराची कडी वाजवत नाहीत, रस्त्यातूनच ‘‘हाय का कोणी?’’ अशी हाळी देतात, मग ते घर ओळखीचं असो वा नसो. ‘निघते’ म्हटल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत पाऊण तास लागतो. आणि कोणाच्याही घरी चहाला स्पष्ट नकार. नुसतं ‘नको’ नाही, कोणी उठायला लागलं तर पदर धरून खाली बसवायच्या. एकदा शेजारच्या जोशीवहिनींना त्यांनी असं ओढलं की वहिनी सोफ्याऐवजी त्यांच्या मांडीवरच येऊन टेकल्या. रिकाम्या हाताने मात्र त्या कुठेच जात नाहीत, आणि जी भाजी नेतात ती कधीच निवडलेली नसते. ज्याची भाजी त्यानेच निवडायची, वन्सं फक्त सोबतीला. त्यातही त्यांचा हिशेब आहे असा मला फार पुढे शोध लागला. झोप न लागणाऱ्याला लसूण सोलायला. साहेबावर चिडलेल्याला गवार, मोडायला. लग्नाला नाही म्हणायचंय पण बापाला सांगायची छाती नाही, अशाला चिंच, चिंचोके काढत बसायला. आणि घराच्या आठवणीने जीव जातोय त्याला मेथी. असा तक्ता माझ्या पदविकेच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता.

त्यांचा माझ्या धंद्यात शिरकाव झाला तो माझ्याच मूर्खपणामुळे. पाच-सहा वर्षांनी मी एका छोट्या संस्थेत लागले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नर्सिंगला, कॉलेजला बाहेरगावाहून आलेल्या पोरापोरींच्या खोलीवर जाऊन त्यांच्या मनाची विचारपूस करायची, असं ते काम. दवाखान्याच्या पायरीशी यायला ही मुलं घाबरतात, म्हणून आपणच घरी जायचं. कल्पना सुंदर होती. माझ्याकडे चार पानी फॉर्म होता, क्लिपबोर्ड होता, आणि कुठल्याही परिस्थितीत हलू न देता चेहऱ्यावर ठेवायचं एक हसू होतं. सुरगाण्याकडची यमुना नावाची एक मुलगी नर्सिंगला आली होती. दोन महिन्यांत तिने बोलणं बंद केलं, मग जेवण, मग वर्गात जाणं. संस्थेच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत फरक पडला नाही तर तिला घरी पाठवतील आणि जागा जाईल. तिच्या पाड्यातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. मी तिच्या खोलीवर तीनदा गेले. ‘‘झोप कशी लागते? भूक? मनात कोणते विचार येतात?’’ मी डोळ्यांत डोळे घालून विचारायची, कारण तसंच शिकवलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मी फॉर्मवर लिहायची, ‘प्रतिसाद नाही.’

चौथ्या वेळी बसचा संप होता, म्हणून वन्संनी मला लूनावरून सोडलं. ‘‘तुम्ही बाहेरच थांबा,’’ मी बजावलं. त्यांनी थांबायला मान डोलावली आणि माझ्या पुढेच खोलीत शिरल्या. ‘‘हाय का कोणी? पोरी, जरा सरक गं, लय दमले मी.’’ पिशवी ओतली, मेथीचा ढीग मध्ये, माती फरशीभर. यमुनाकडे ढुंकूनही न बघता त्या एकेक काडी खुडायला लागल्या आणि मळ्यातल्या रानडुकरांबद्दल स्वतःशीच बोलत राहिल्या. मी कोपऱ्यात क्लिपबोर्ड धरून उभी. दहा मिनिटांनी त्या पोरीचा हात ढिगाकडे गेला. अर्ध्या तासाने खाली मान घालूनच ती म्हणाली, ‘‘माला बोलाय लाज वाटं. त्या पोरी हासत.’’ तिची बोली ऐकून वर्गातल्या मुली हसायच्या, नकला करायच्या. शहरातली भाषा नीट येईपर्यंत तोंडच उघडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि मी तिच्यासमोर बसून पुणेरी मराठीत तिला तिच्या भावना विचारत होते. वन्सं म्हणाल्या, ‘‘हासू दे की. मी ‘हाय’, ‘नाय’, ‘लय’ असंच बोलते, माझं काय अडलंय? ही बघ माझी भावजय, इतकं शुद्ध बोलते, हिच्याशी कोणी बोलतंय का?’’ आणि ती पोरगी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. माझ्यावर! त्या संध्याकाळी तिने मेथीच्या भाजीशी दोन भाकरी खाल्ल्या. महिनाअखेरीला ती वर्गात होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण तो अंगाच्या तिळपापडाखालून कुठून तरी वर आला.

घरी येताना मी विचारलं, ‘‘वन्सं, तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.’’ लूनाच्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, ‘‘डोळ्यात बघून कोणी खरं बोलतं व्हय? हाताला काम दे, मान खाली जाऊ दे. मान खाली गेली की तोंड उघडतं.’’ मी हे संस्थेच्या अहवालात ‘कृतीच्या माध्यमातून संवाद’ अशा मथळ्याखाली लिहिलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि वन्संचं नाव मी खाली कुठेच घातलं नाही. ते आजही मला टोचतं.

मग मी चोरून त्यांची नक्कल करायला लागले. सातपूरला कळवणचा एक मुलगा होता, त्याच्याकडे मेथी घेऊन गेले. पण नेण्याआधी ती घरी बसून स्वच्छ निवडली, धुतली, पंच्याने पुसून डब्यात भरली, कारण कोणाच्या घरी माती न्यायची म्हणजे काय! त्याच्यासमोर डबा उघडला आणि लक्षात आलं की आता दोघांनाही करायला काहीच नाही. आम्ही अर्धा तास त्या डब्याकडे बघत बसलो. दुसऱ्या वेळी मटार नेले, तर त्याने ते बोलता बोलता, म्हणजे न बोलता, सगळे खाऊन टाकले. निघताना त्याने अदबीने विचारलं, ‘‘मॅडम, त्या मेथीवाल्या आक्का कधी येतील?’’

पुढची दहा-बारा वर्षं हेच. संस्थेचा फोन वाजायचा आणि पलीकडून आक्कांची चौकशी. दिवाळीला माझ्याकडे संस्थेचं छापील कार्ड यायचं आणि वन्संच्या अंगणात पेठ, सटाणा, पिंपळगावच्या पोरापोरींची पंगत. यमुना शिकून नर्स झाली, तिचं लग्न ठरलं तेव्हा नवरामुलगा आधी मखमलाबादला दाखवून आणला, मला पत्रिका पोस्टाने आली. मला सगळ्यांत जास्त हेवा तिचा वाटे. वन्संची पहिली पोर ती, त्यांच्या या सगळ्या उद्योगाची सुरुवात तिच्या खोलीवरची, आणि ती सुरुवात मी डोळ्यांनी पाहिलेली. मी वन्संच्या सख्ख्या भावाची बायको, पण माझ्यासमोर त्या पुन्हा कधी पिशवी ओतून बसल्या नाहीत. आमच्याकडे आणलेली भाजी दारातच हातात द्यायच्या, उभ्या उभ्या.

मोबाइल आले तेव्हा त्यांनीही एक घेतला, मराठी अक्षरांचा. यमुनाने त्यांच्या सांगण्यावरून नंबर भरून दिले. मागच्या थंडीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवडाभर त्या आमच्याकडे राहिल्या. डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा, लूना बंद, वाकायला बंदी. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, ‘‘शैला, पोरं वाट बघतील. फोन लावून सांग, आक्का या आठवड्यात येत नाय म्हणून.’’ मी फोन उघडला. आत एकही नाव नव्हतं. गवार १, गवार २, लसूण ४, चिंच ३. मला हसू आवरेना. ‘‘अहो, हे काय?’’ त्या गंभीरपणे म्हणाल्या, ‘‘कोणाच्या हाती पडला फोन तर? पोरांच्या अब्रूचा सवाल हाय.’’ संस्थेत अशाच कारणासाठी आम्ही लोखंडी कपाटाला दोन कुलपं लावतो.

‘‘आधी मेथी दोनला लाव,’’ त्या म्हणाल्या. लावला, तर पलीकडे यमुना. निरोप देऊन मी फोन ठेवला आणि मग ते डोक्यात शिरलं. यमुना जर मेथी दोन, तर एक कोण? तिच्याही आधीचं कोणी होतं, आणि इतकी वर्षं मला पत्ता नव्हता? वन्संना दिसत नव्हतंच. मी हळूच ‘मेथी १’ वर गेले आणि हिरवं बटण दाबलं.

खुंटीला टांगलेल्या माझ्या पर्समध्ये माझा फोन वाजायला लागला.

तो वाजून वाजून थांबेपर्यंत मी तशीच उभी होते. वन्सं म्हणाल्या, ‘‘लागला का?’’ मी फोन बंद करून त्यांच्या उशाशी ठेवला. मग त्याच बोलल्या, ‘‘पयली तूच. पुण्याहून आलीस तवा पयले दोन दिस मखमलाबादला आमच्या मोरीत नळ सोडून रडायचीस. भावाला काय कळतंय, मला कळायचं. म्हणून मेथी घेऊन आले. तू उठून चहा ठेवला. तवापासून मी कोणाच्या घरी चहा ठिवू देत नाय.’’

नळाचा आवाज पुरेसा मोठा आहे असं मला तेव्हा वाटायचं. ‘‘मग पुन्हा का नाही आणलीत, वन्सं?’’

‘‘तू शिकलेली. म्हटलं, हिला नको असंल.’’

सकाळी भाजीवालीकडून घेतलेल्या दोन जुड्या ओट्यावर होत्या. मी त्या आणल्या, त्यांच्या कॉटशेजारी फरशीवर ओतल्या आणि मांडी घालून बसले. त्या वाकू शकत नव्हत्या, म्हणून थोड्या काड्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी बोटांनी चाचपून माझी निवडलेली मेथी तपासली आणि म्हणाल्या, ‘‘देठ लय ठेवतीस.’’ पुढचे दोन तास माझी मान खाली होती. मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. मेथी एकच्या अब्रूचा सवाल आहे. गवार, लसूण, चिंच यांना फोन लावायचे राहिले होते, पण ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी लावले. त्या दुपारी मला वन्सं कोणाला द्यायच्या नव्हत्या.