मोकळ्या पैशाची पाळी

महिन्याचा शेवटचा बाजार करून आल्या की नलूकाकू हात धुवायच्या आणि ओट्यावर पैशांचे वाटे घालायला बसायच्या. किराणा, बियाणं, दवाखाना, लाइट बिल. शेवटी दोन-चार नोटा उरायच्या. "हे मोकळे," त्या म्हणायच्या. "बाकीचे लोकायचे, माह्या हातून जातात फक्त."

वरवट बकालच्या शाळेत लागले तेव्हा मी त्यांची भाडेकरू होते. पहिल्या पगारात मी झोकात महागडा मोबाइल घेतला आणि भाड्याला पैसे उरले नाहीत. काकू रागावल्या नाहीत, हसल्या. "पगार आला म्हंजे सारा तुहा झाला काय, पोरी? आधी ज्यायचा हाये त्यायले दे. उरन तो तुहा."

त्या घरात मोकळ्या पैशाची पाळी असे. एक महिना काकूंचा, एक वसंतकाकांचा. ज्याची पाळी, त्याला दुसऱ्याने विचारायचं नाही. "साऱ्या पैशाले इचारणं हायेच. मोकळ्याले तरी काऊन इचारा?" काकू कधी जोडवी घ्यायच्या, कधी शेगावला जाऊन नुसती कचोरी खाऊन यायच्या. काका मात्र दर पाळीला नर्सरीतून गुलाबाचं रोप आणायचे. मळ्याला नदीचं पाणी होतं, पण घरचं बोअर खारं. फूल यायच्या आत रोप जळायचं. काका पुन्हा नवं आणायचे. काकू मान हलवायच्या, पण नियम म्हणजे नियम.

काका अचानक गेले. पुढच्याच महिन्यात त्यांची पाळी आली. काकूंनी त्या नोटांना हात लावला नाही. तीन पाळ्यांचे पैसे साठले, तेव्हा मला म्हणाल्या, "चाल, त्यायचं रोप घेऊन येऊ."

नर्सरीवाल्याने विचारलं, "कोणता रंग देऊ?" काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मले नाही मालूम. घरी एकही फुललं नाही. अन् काऊन आणत होते, तेही मी कधी इचारलं नाही."

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. बसमध्ये त्या एवढंच बोलल्या, "इचारलं असतं तं सांगतलं असतं त्यायनं."

वर्षभरात काकूही गेल्या. आता माझ्या घरी पाळी असते, फक्त आम्ही विचारतो. परवा नवऱ्याने त्याच्या पाळीला बासरी आणली. त्याला वाजवता येत नाही. "कशाला रे?" म्हटलं, तर तो तासभर सांगत बसला. ऐकताना मला काकूंची फार आठवण आली.